अणू दिसायच्या आधीची पन्नास वर्षं

ज्यांना हा एपिसोड हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना आलेले 'अं...' आणि 'म्हणजे कसं...' काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका निळ्या डागापासून सुरू होते.

साल १९२८. स्कॉटलंडमधलं ग्रेंजमाउथ. तिथे स्कॉटिश डाइज नावाच्या कंपनीत थॅलिमाइड नावाचं एक पांढरं रसायन बनायचं. रंगांच्या धंद्यातला कच्चा माल. ज्या भांड्यात ते शिजायचं ते लोखंडी होतं आणि आतून त्याला काचेचा थर दिलेला होता. त्या थराला तडा गेला, आतलं रसायन लोखंडाला लागलं आणि पांढऱ्या मालात निळसर-हिरवे डाग दिसायला लागले. एरवी कारखान्यात असा माल निघाला की कोणालातरी शिव्या बसतात आणि माल फेकला जातो. इथे मात्र तो डाग वेगळा काढून तपासला गेला. उष्णता द्या, रसायनं ओता, तो सहजासहजी दाद देत नव्हता.

पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये लिन्स्टेड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रंगाची रचना उलगडली आणि १९३४ मध्ये ती छापली. नाव दिलं थॅलोसायनिन. नाव अवघड आहे, चित्र सोपं आहे. कॅरमच्या बोर्डावर मधोमध राणी ठेवा आणि तिला चिकटून चार बाजूंना चार सोंगट्या. राणी म्हणजे धातूचा एकच अणू, सोंगट्या म्हणजे नायट्रोजनचे चार अणू, आणि त्यांच्याभोवती कार्बनची जाळी. राणीच्या जागी लोखंडाऐवजी तांबं बसवलं की झकास निळा रंग मिळतो. १९३५ मध्ये तो मोनॅस्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आला, आणि आजही छपाईच्या निळ्या शाईत बहुतेक वेळा हाच असतो.

आता गंमत बघा. ही राणी आणि चार सोंगट्यांची मांडणी निसर्गाने आपल्या कितीतरी आधी वापरलेली आहे. आपल्या रक्तातल्या हीममध्ये चार नायट्रोजनच्या मधोमध लोखंड असतं. पानांतल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम. बी-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट. आणि तुम्ही हे वाचताय त्या क्षणी तुमच्या पेशींमध्ये, मायटोकॉन्ड्रियात, लोखंड आणि तांबं असलेलं एक एन्झाइम श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी करतंय. प्लॅटिनमचा एक कणही न वापरता.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळा एपिसोड त्याच्याभोवती फिरणार आहे.

ऑक्सिजनची बाजू

फ्युएल सेल, मराठीत इंधन घट, ही कल्पना बॅटरीवरच्या गाड्यांच्या बातम्यांपेक्षा खूप जुनी आहे. १८३८-३९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शॉनबाइन आणि ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्ह या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी पाहिलं, की प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीज मिळते. ग्रोव्ह पेशाने वकील. १८४२ मध्ये त्याने काचेच्या नळ्या एकामागे एक जोडून 'गॅस बॅटरी' उभी केली. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करता येतात हे तेव्हा माहीत होतं. याने उलटा रस्ता दाखवला.

हायड्रोजनची बाजू सोपी आहे. प्लॅटिनमवर हायड्रोजन आला की झटकन फुटतो, इलेक्ट्रॉन सोडतो, मोकळा होतो. सगळी रखडपट्टी ऑक्सिजनच्या बाजूला. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांचं पाणी व्हायचं तर चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन द्यावे लागतात, आणि मधेच कुठेतरी त्या दोघांची मिठी तोडावी लागते. या क्रियेला ऑक्सिजन रिडक्शन म्हणतात. कागदावर अशा घटातून १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात भार टाकल्यावर साधारण ०.६ ते ०.७ मिळतात. या गळतीचा मोठा वाटा ऑक्सिजनचा. म्हणून तिथे कॅटॅलिस्ट लागतो, शाळेत ज्याला आपण उत्प्रेरक म्हणायचो तो.

आणि इथे एक फाटा फुटतो. मिठी तुटली तर चार इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होतं. मिठी तुटलीच नाही, तर दोनच इलेक्ट्रॉन घेऊन रेणू अर्ध्यावर निसटतो, आणि आपल्या हातात येतं हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर ओतलं की फेस येतो ते. औषधाच्या कपाटात छान, पण घटाच्या आत मात्र ते पडद्याला आणि कार्बनला खातं.

प्लॅटिनम हे काम नीट करतं. त्यामुळे अवकाशयुगात पैशाची चिंता नव्हती तेव्हा प्लॅटिनम सढळ हाताने वापरलं गेलं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये जेमिनी-५ हे इंधन घट घेऊन उडालेलं पहिलं मानवी यान ठरलं. अपोलोसाठी वेगळा प्रकार निवडला गेला, केंब्रिजच्या फ्रान्सिस बेकनने निकेलच्या इलेक्ट्रोडवर वर्षानुवर्षं घासून तयार केलेला. त्यातून निघणारं पाणी अंतराळवीर प्यायचे. बेकनवर एक स्वतंत्र एपिसोड व्हायला हवा, आज नको.

अवकाशात ठीक आहे, रस्त्यावरचं काय? प्लॅटिनमच्या खाणींचं उत्पादन मुख्यतः एकाच देशातून, दक्षिण आफ्रिकेतून, येतं. तिथलंच प्रमाण साधारण ७० टक्के. गाड्या लाखांनी बनवायच्या आणि त्या सगळ्यांच्या पोटात हे घालायचं, हा हिशेब पहिल्यापासून कोणालाच पटत नव्हता.

रंगाचा दुसरा जन्म

१९६४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात रेमंड जासिन्स्कीचा एक छोटासा लेख आला. त्याने थॅलोसायनिन घेतलं, राणीच्या जागी कोबाल्ट बसवला, आणि अल्कलीच्या द्रावणात ऑक्सिजनच्या बाजूला ते कॅटॅलिस्ट म्हणून लावलं. ते चाललं. ग्रेंजमाउथच्या डागाचा भाऊबंद इंधन घटात काम करायला लागला. चार नायट्रोजनच्या मधला एकटा धातूचा अणू ऑक्सिजन पकडू शकतो, हे निसर्गात माहीत होतंच. आता माणसाच्या यंत्रातही दिसलं.

अडचण लगेच आली. आम्लात, म्हणजे गाड्यांच्या घटात जशी परिस्थिती असते तिथे, हे रंग टिकेनात. थोडा वेळ चालायचे आणि विरघळून जायचे.

मग लोकांनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त आवडतं. त्यांनी ते जाळलं. अगदी राख नाही, पण ऑक्सिजन नसलेल्या वायूत, कार्बनच्या काजळीवर बसवून, भट्टीत शेकडो अंशांवर भाजून काढलं. इतकी देखणी, मापात बसवलेली रचना भाजून कोळसा केली, आणि तो कोळसा मूळ रंगापेक्षा जास्त चांगला आणि जास्त टिकाऊ निघाला. जर्मनीत बॉश कंपनीच्या यांके आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या सगळ्या कामाचा मोठा आढावा लिहिला. त्याच्या शीर्षकातही रंगद्रव्यं आहेत.

१९८९ मध्ये क्लीव्हलंडला अर्नेस्ट यीगरच्या गटाने पुढची मजल मारली. त्यांनी विचारलं, शेवटी भाजायचंच आहे तर महागडा रंग हवाच कशाला? पॉलिॲक्रिलोनायट्राइल घ्या, ज्याची ॲक्रिलिकची लोकर बनते ते. त्यात नायट्रोजन आहेच. वरून लोखंडाचं किंवा कोबाल्टचं मीठ टाका, काजळी टाका, भाजा. तरीही चाललं. म्हणजे स्वेटरचा धागा, लोखंडाचं मीठ आणि कोळसा.

मी सॉफ्टवेअरवाला. मला हे ऐकून आमचा लेगसी कोड आठवतो. प्रत्येक ऑफिसात एक असतोच. पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला, डॉक्युमेंटेशन शून्य, प्रॉडक्शनमध्ये मस्त चालतोय, आणि सगळे म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नकोस. या कॅटॅलिस्टचं नेमकं तसंच झालं होतं. चालत होता, पण त्या काळ्या पावडरीत नक्की कोण काम करतंय हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

आणि यावरून दोन-तीन दशकं वाद झाले. एक पक्ष म्हणाला, राणी आणि चार सोंगट्या भाजल्यावरही शाबूत राहतात, तेच काम करतात. दुसरा म्हणाला, रचना मोडते, पण धातूचा अणू नंतर कोळशातल्या नायट्रोजनमध्ये नवीन जागा शोधून बसतो. तिसऱ्याचं म्हणणं, धातू फक्त भट्टीत नायट्रोजनवाला कार्बन तयार व्हायला मदत करतो. काम कार्बन करतो, धातू नुसता बघ्या. ड्रेस्डेनचे वीजेनर या तिसऱ्या बाजूचे. शिवाय धातूचे छोटे कण, कार्बाइड, हेही संशयित होतेच.

वाद रिकामटेकड्यांचा नव्हता. कॅटॅलिस्ट सुधारायचा तर काय वाढवायचं हे कळायला हवं. धातूचे कण वाढवायचे, की ते ॲसिडने धुऊन टाकायचे? उत्तर माहीत नसेल तर तुम्ही पुढची वीस वर्षं नुसते मसाले बदलत बसता, आणि बरेच जण तेच करत होते.

मसाले बदलण्यातूनही मोठी झेप निघाली, हे कबूल करायला हवं. कॅनडात क्वेबेकमध्ये दॉदले यांचा गट यावर चिकाटीने काम करत होता. २००९ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं, की काजळीतल्या अतिसूक्ष्म भोकांमध्ये लोखंडाचं मीठ आणि नायट्रोजनचं संयुग दळून दळून भरलं आणि मग भाजलं, तर सुरुवातीचा जोर कैक पटींनी वाढतो. 'सुरुवातीचा' हा शब्द महत्त्वाचा, कारण टिकाऊपणा नव्हता. दोन वर्षांनी लॉस अलामॉसच्या वू, झेलेने आणि मंडळींनी पॉलिॲनिलीन वापरून ७०० तास टिकणारा नमुना दाखवला.

त्याच २०११ मध्ये दॉदलेंच्या गटाने काजळीऐवजी झिफ-८ घेतलं. ही जस्ताचे अणू आणि इमिडाझोलचे रेणू यांची पिंजऱ्यासारखी जाळी. ज्या कुटुंबातली ती आहे त्या पदार्थांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातली युक्ती जस्तात आहे. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं. त्याहून जास्त तापमानाला भाजलं की जस्त वाफ होऊन निघून जातं आणि मागे रिकामी भोकं राहतात. शिवाय जस्ताच्या अणूंच्या मधे मधे लोखंडाचे मोजके अणू पेरलेले असतील, तर ते एकमेकांपासून लांब राहतात, गुठळी करत नाहीत. लोखंडाला एकटं ठेवणं हीच सगळी कसरत.

नाव पडलं

याच वर्षी, पण वेगळ्याच गल्लीत, चीनमधल्या दालियन इथे झांग ताओ यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी आयर्न ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे सुटे अणू बसवून कार्बन मोनॉक्साइडवर वापरले. 'सिंगल ॲटम कॅटॅलिसिस' हे नाव त्या पेपरनंतर रुळलं. नाव इतकं आकर्षक की सगळ्यांनी ते उचललं, आणि जुन्या लोखंड-नायट्रोजन-कार्बनवाल्यांच्या लक्षात आलं की आपण तर हेच १९६४ पासून करतोय.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्या नावाने फायदा आणि घोळ दोन्ही झालं. फायदा हा की दोन गल्ल्यांतले लोक एकमेकांशी बोलायला लागले. घोळ हा की त्यानंतरच्या बातम्या वाचल्या तर वाटतं, ही काल-परवाची नॅनोटेक जादू आहे. स्कॉटलंडचं भांडं, बॉशचा आढावा, ॲक्रिलिकची लोकर, सगळं गाळून टाकलेलं असतं.

पण एक गोष्ट खरोखर नवीन होती, ती म्हणजे बघता येणं.

एकटा अणू सूक्ष्मदर्शकाने पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो १९७० च्या आसपास, शिकागोत अल्बर्ट क्रूच्या यंत्रात. पण ते युरेनियम आणि थोरियमचे अणू होते, अणुक्रमांक ९२ आणि ९०. जितका अणू जड तितका तो या पद्धतीत उजळ दिसतो. कार्बनचा अणुक्रमांक ६, लोखंडाचा २६. शिवाय इलेक्ट्रॉनचा झोत जोरात मारला तर बिचारा कार्बनच उडून जातो. झोत सौम्य ठेवूनही चित्र स्पष्ट मिळवायचं तर भिंगांचे दोष दुरुस्त करावे लागतात, आणि ते तंत्र नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुठे हाताशी आलं.

दरम्यान फ्रान्समध्ये झितोलो, जावाँ आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या वाटेने पुरावा दिला. २०१५ मध्ये त्यांनी असा नमुना बनवला ज्यात लोखंडाचे कण नव्हतेच, फक्त सुटे अणू. त्यावर सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण मारून बघितलं: लोखंड मधोमध, भोवती चार नायट्रोजन, आणि ते सगळं कोळशाच्या जाळीत विणलेलं. मग २०१७ मध्ये लॉस अलामॉस आणि ओक रिजच्या लोकांनी 'सायन्स'मध्ये चित्रच छापलं. करड्या कार्बनवर एक पांढरा ठिपका, आणि त्याच ठिपक्याच्या जागी लोखंड आणि नायट्रोजन दोघांच्या खुणा एकत्र.

मी ते चित्र मोबाइलवर झूम करून बघितलंय. ग्रेंजमाउथच्या डागात जी मांडणी होती, तीच.

शेजारी कोण आहे

आता खरं डिझाइन सुरू होतं, म्हणून जरा सावकाश.

प्लॅटिनमच्या कणावर अणू शेजारी शेजारी असतात. ऑक्सिजन तिथे आडवा पडू शकतो, एक हात एका अणूवर, दुसरा दुसऱ्यावर. दोन्हीकडून ओढलं की मिठी तुटते आणि पाणी होतं. एकट्या अणूवर आडवं पडायला जागाच नाही. ऑक्सिजन उभा राहतो, एका टोकावर. मिठी तुटायची शक्यता कमी, अर्ध्यावर निसटायची जास्त. २०१६ मध्ये कोरियातल्या एका गटाने हे फार सुंदर दाखवलं. गंधक भरलेल्या कार्बनवर त्यांनी प्लॅटिनमचेच सुटे अणू बसवले. धातू तोच, पण एकटा पडल्यावर पाण्याऐवजी बहुतांश पेरॉक्साइड बनवायला लागला.

म्हणजे धातू कोणता एवढंच विचारून भागत नाही, तो कोणाच्या शेजारी बसलाय हेही विचारावं लागतं. २०२० मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटाने कोबाल्टवर हेच नेमकेपणाने केलं. कोबाल्ट आणि चार नायट्रोजन, सगळं सारखं. फक्त जवळपास ऑक्सिजनचे गट चिकटवले, जे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. कोबाल्टची पकड बदलली आणि पेरॉक्साइड भरभरून मिळू लागलं. हे काही वाईट नाही. कागद आणि कापड पांढरं करायला जगात पेरॉक्साइड खूप लागतं, आणि ते मोठ्या कारखान्यात अँथ्राक्विनोन पद्धतीने, बरंच इंधन आणि हायड्रोजन खर्चून बनतं, मग टँकरने फिरतं. हवा, पाणी आणि विजेवर ते जागच्या जागी बनलं तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या छोट्या केंद्राचंही काम होईल.

पकडीचं गणित डेन्मार्कच्या नॉर्स्कोव यांच्या गटाने २००४ मध्येच मांडलं होतं. पकड सैल असेल तर ऑक्सिजन बसतच नाही. घट्ट असेल तर शेवटचा तुकडा सुटत नाही. आणि पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याची पकड एकमेकांना बांधलेली. दोघांत आदर्श अंतर २.४६ इलेक्ट्रॉन व्होल्टचं हवं, धातू कोणताही घ्या, ते ३.२ च्या आसपासच येतं. एकटा अणू, ज्याच्या डोक्यावर किंवा बगलेत हवा तो शेजारी बसवता येतो, त्याच्याकडे लोक आशेने बघतात ते हा दोर तोडता येईल का म्हणून.

राहिला टिकाऊपणा. १८९४ मध्ये हेन्री फेंटनने लिहून ठेवलंय, की लोखंड आणि पेरॉक्साइड एकत्र आले की सेंद्रिय पदार्थांची जोरदार वाट लागते. पुढे कळलं की त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतात. आता आपल्या घटात बघा: लोखंडाचे अणू आहेत, थोडं पेरॉक्साइड बनतंय, आणि भोवती कार्बन आणि प्लास्टिकचा पडदा. घरात गॅस गळतोय आणि आपण काडेपेटी शेजारीच ठेवलीय, असा प्रकार. त्यातून लोखंडाचा अणू सुटून बाहेर गेला की पडद्याला आणखी त्रास. म्हणून काही जण लोखंड सोडून मँगनीज आणि कोबाल्टकडे वळले, जोर थोडा कमी चालेल म्हणाले.

प्लॅटिनमवालेही हातावर हात ठेवून बसले नव्हते. लॉस अलामॉसमध्येच ऐंशीच्या दशकात लागणाऱ्या प्लॅटिनमचं प्रमाण जवळपास दहा पटींनी खाली आणलं गेलं, आणि पुढे आणखी घटलं. म्हणजे लोखंडाला ज्याच्याशी शर्यत लावायची तोही पळतोय. 'प्लॅटिनमचा खेळ खल्लास' ही हेडलाइन दर दोन-चार वर्षांनी येते आणि मी आता ती न उघडता पुढे जातो. २०१७ मध्ये कॅनडाच्या बॅलार्डने जपानच्या निशिनबोबरोबर मौल्यवान धातूशिवायचा कॅटॅलिस्ट असलेला घट विकायला आणला, पण तो जेमतेम ३० वॅटचा. एका एलईडी ट्यूबलाइटला पुरेल इतका.

आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्सिजनच्या याच क्रियेवर बरीच वर्षं काम चालू आहे, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांची हायड्रोजन इंधन घटावरची बस पुण्यातच लोकांसमोर आली. बस चालवायची तर घटाला हजारो तास काढावे लागतात, रोज चालू-बंद होत, सिग्नलला थांबत, पावसाळ्यात आणि एप्रिलच्या उन्हात. लोखंडाच्या एकट्या अणूला आम्लात बसून तेवढे तास काढता आलेले नाहीत. सध्या कुठे तो कसा निसटतो, निसटायच्या आधी नायट्रोजनचा कोणता हात सुटतो, हे घट चालू असतानाच क्ष-किरणांनी बघायचं काम सुरू आहे.